अजगर अर्जदाराचा नसून फक्त उंदीर अर्जदाराचे असल्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय.

अर्जदार : वाल्मिक तुकाराम हिवराळे, वय ६२, सेवानिवृत्त प्राणीगृह परिचर,
राहणार : ए विंग, २०२, नवजीवन छाया को-ऑप. हौसिंग सोसायटी, गोडदेव, भाईंदर (पूर्व).

विषय : राहत्या घरी अजगर बाळगल्याच्या आरोपाबाबत खुलासा, तसेच अर्जदाराकडील पांढऱ्या उंदरांचे पुढे काय करावे याबाबत आदेश मिळण्यासाठी विनंती.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ४ फेब्रुवारी २०२५.
२) सोसायटीची विशेष सभा, दि. २ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

१. आपली नोटीस अर्जदारास बुधवार दि. ५ रोजी, दुपारी जेवायला बसताना मिळाली. अर्जदाराने राहत्या घराच्या गॅलरीत सुमारे सात फूट लांबीचा अजगर विनापरवाना बाळगला, त्यास जिवंत उंदीर खाऊ घातले व त्याचे चित्रीकरण करून ते प्रसारित केले, असे तीत नमूद आहे. सात दिवसांत लेखी खुलासा न आल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा दाखल होईल असेही नमूद आहे. अर्जदाराच्या नावे आजवर तीनच महत्त्वाचे सरकारी कागद आले : नेमणुकीचा, बढती नाकारल्याचा आणि निवृत्तीचा. हा चौथा. त्यामुळे खुलासा थोडा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

२. जे खरे आहे ते आधी कबूल केलेले बरे. उंदीर अर्जदाराचे आहेत. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगशाळेत असतात त्या जातीचे. अर्जदार एकतीस वर्षे मुंबईतील एका शासकीय प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात परिचर होता. पिंजरे धुणे, तूस बदलणे, गाभण माद्या वेगळ्या काढणे, पिल्लांच्या कानांना ओळखीच्या खाचा पाडणे व हे सर्व नोंदवहीत लिहिणे, हे त्याचे काम. पिल्ले मोठी झाली की वरच्या मजल्यावरून चिठ्ठी येई. चिठ्ठीत जेवढा आकडा असेल तेवढे उंदीर पाठवायचे आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे "वर" असे लिहायचे. वर काय चालते हे तळमजल्याच्या माणसाने विचारू नये अशी तिथली रीत होती. अर्जदाराने ती एकतीस वर्षे पाळली.

३. निवृत्तीनंतर अर्जदार व त्याची पत्नी वैजयंता असे दोघेच घरी असतात. मुलगी संघप्रिया लग्न होऊन नांदेडला गेली. अर्जदारास मुलगा नाही. ही बाब नोटिशीशी थेट संबंधित नसली तरी पुढील मजकूर समजण्यासाठी आवश्यक आहे. जुलै २०२२ मध्ये सोसायटीच्या पंपरूममध्ये धामण शिरली. तेव्हा बी विंगमधील नीरज पाटकर, वय तेव्हा बावीस, हा सर्पमित्र म्हणून धावत आला. जमलेल्या वीस-पंचवीस माणसांपैकी आत जाण्यास कोणी तयार नसल्याने बॅटरी धरून अर्जदार आत गेला. धामणीने नीरजच्या उजव्या अंगठ्यास कडकडून चावा घेतला. धामण बिनविषारी असते हे अर्जदारास ठाऊक होते, वैजयंतास नव्हते. तिने रडत रडत त्याच्या अंगठ्याला हळद लावली आणि त्याला जेवायला बसवले. तेव्हापासून अडीच वर्षे तो या घरात जेवत आला. "काकू, तुमच्या हातची भाकरी खाल्ली की गावाला गेल्यासारखं वाटतंय," असे तो म्हणे. त्याचे गाव कोणते हे त्याने कधी सांगितले नाही आणि या घरात कोणी विचारलेही नाही.

४. उंदरांची कल्पना नीरजचीच. त्याच्या सांगण्यानुसार उत्तनच्या पुढे चौक गावाजवळ त्याच्या ओळखीच्या काही मुलांनी जखमी घुबडांसाठी एक खोली घेतली होती. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली घुबडे तेथे बरी करून सोडतात म्हणे. "काका, बाहेरचा उंदीर चालत नाही. त्याच्या पोटात औषध असतंय, तो खाल्ला की घुबड पण जातंय. तुमच्यासारखा स्वच्छ उंदीर वाढवणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये मिळणार नाही," असे त्याने सांगितले. महोदय, बढती नाकारलेल्या माणसाला असे वाक्य किती गोड लागते, याची कल्पना आपणांस असो वा नसो, अर्जदारास ती आता आहे. वैजयंता मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात होती. दर पौर्णिमेला विहारात जाऊन प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील घेणारी ती बाई. तिचे म्हणणे एवढेच होते : "वाढवणार तुम्ही, मारणार घुबड, आणि हात धुवायचे कोणी?" त्यावर, आपण फक्त वाढवतो, असे उत्तर अर्जदाराने दिले. हे उत्तर त्याला एकतीस वर्षांच्या सेवेत पाठ झाले होते.

५. अर्जदाराने गॅलरीत सहा पिंजरे केले. भाताचे तूस हाटकेशच्या एका गोदामातून आणले. खाण्यास गहू, भिजवलेले चणे, गाजर व वैजयंताची नजर चुकवून शिळी भाकरी. प्रत्येक पिल्लाची जन्मतारीख, आई, कानाच्या खाचा व रवानगीची तारीख नोंदवहीत आहे. दर रविवारी सकाळी नीरज येई, चहा घेई आणि चार उंदीर घेऊन जाई. याबद्दल अर्जदाराने एक पैसाही घेतला नाही. उलट नीरजच्या पिशवीत उंदीर गुदमरतात असे पाहून त्याने घरातील स्टीलचा मोठा डबा दिला व त्याच्या झाकणाला खिळ्याने सतरा भोके पाडून दिली. उंदरांना वाटेत हवा मिळावी एवढाच हेतू होता. त्या झाकणानेच अर्जदाराचा घात केला.

६. आपल्या लोकांत भांड्यावर नाव घालण्याची पद्धत आपणांस ठाऊकच आहे. संघप्रियाच्या लग्नात आहेर म्हणून स्टीलचे डबे वाटले होते. प्रत्येक झाकणावर, "चि. सौ. कां. संघप्रिया हिच्या मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट, वाल्मिक व वैजयंता हिवराळे, गोडदेव, भाईंदर (पूर्व)" असे कोरून घेतले होते. पत्ता घालू नका असे वैजयंता म्हणत होती. अर्जदाराने हौसेने घातला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्रफीत आली. काचेची पेटी, आत अजगर, मागे कसलेतरी ढोलाचे गाणे. एक हात डब्यातला उंदीर काढून पेटीत सोडतो. चेहरा दिसत नाही. मात्र झाकण कॅमेऱ्यासमोर असे ठेवले आहे की, लग्नाची पत्रिका वाचावी तसा सगळा मजकूर वाचता येतो. सचिव सुरुची म्हात्रे यांनी त्याखाली फक्त प्रश्नचिन्ह टाकले. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत नांदेडला संघप्रियाच्या सासरी पोचली होती.

७. येथे अर्जदारास पळवाट होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. असे डबे एकूण दोनशे एक्कावन्न वाटले. एक खुद्द सोसायटीच्या अध्यक्षांकडे असून त्यात साखर असते. तेव्हा चित्रफितीतील डबा कोणाचाही असू शकतो, असा खुलासा अर्जदाराने नोटीस येताच तयार केला होता व तो आपल्याकडे धाडणार होता. वैजयंताने तो वाचला आणि चुलीत घालण्याची भाषा न करता नुसता घडी घालून परत दिला. "सतरा भोकं कोणी पाडली ते लिहा," म्हणाली. म्हणून लिहितो. भोके अर्जदाराने पाडली आहेत. डबा त्याचाच आहे. पेटीत सोडलेला उंदीरही त्याचाच आहे. उजव्या कानास दोन खाचा व डाव्या कानास एक, जन्म १४ नोव्हेंबर, रवानगी रविवार दि. १२ जानेवारी. चित्रफीत थांबवून पाहिल्यास कान स्पष्ट दिसतात.

८. चित्रफीत आली तेव्हा मात्र अर्जदारास नीरजचा संशय आला नव्हता. डबा चोरीला गेला असेल, घुबडांच्या खोलीतील कोणा मुलाने परस्पर उंदीर विकले असतील, असेच त्याला वाटले. त्याने नीरजला फोन केले. नीरज फोन उचलत नव्हता, तेव्हा पोराची प्रकृती बरी नसेल म्हणून वैजयंताने बी विंगमध्ये पेजेचा डबा पाठवला. तो घेतला गेला. दि. २ रोजी सोसायटीने विशेष सभा बोलावली. शेजारच्या ममताबेन म्हणाल्या, "अंकल, चूहा तो ठीक है, पर अजगर? हमारे यहाँ छोटे बच्चे हैं." त्यावर अर्जदार निर्धास्तपणे म्हणाला की, नीरज येईल आणि सगळे सांगेल. नीरज आला. पहिल्या रांगेत, सचिवांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आणि उठून त्याने सांगितले, "मीच वनखात्याला कळवलंय. काकांना कितीदा समजावलं, अजगर ठेवू नका म्हणून. शेवटी त्यांच्या गॅलरीतून उचलून मीच जमा केला." सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी शाल आणून त्याचा सत्कार केला. ज्याच्यावर विश्वासाने मान टाकली त्याने केसाने गळा कापणे म्हणजे काय, हे अर्जदाराने शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिले होते. त्या दिवशी ते त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. सर्वांत वाईट हे की, शाल घेऊन खाली उतरताना नीरजने सवयीने अर्जदारास वाकून नमस्कार केला, आणि अर्जदाराचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला. तेव्हा सभेला आणखीच खात्री पटली की पोरगा सज्जन आहे.

९. आता मुद्द्याचे. अजगर अर्जदाराच्या गॅलरीत असणे शक्य नाही, याचे पुरावे पुढीलप्रमाणे. गॅलरी नऊ फूट लांब व चार फूट रुंद असून तीत सहा पिंजरे, वॉशिंग मशीन व कोरफडीच्या तीन कुंड्या आहेत. उरलेल्या जागेत अर्जदार स्वतः तिरका उभा राहतो. पण यापेक्षा मोठा पुरावा उंदरांचा आहे, आणि तो आपण कृपया हसण्यावारी नेऊ नये. उंदरीण फार भित्री असते. जवळ सापाचा नुसता वास असला तरी ती खाणे टाकते, आणि व्यालीच तर भीतीने स्वतःची पिल्ले स्वतःच खाते. प्राणीगृहातील कोणताही माणूस हे शपथेवर सांगेल. अर्जदाराच्या नोंदवहीत डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत अकरा, नऊ व बारा अशी पिल्ले झाली असून एकही दगावलेले नाही. सात फुटी अजगर शेजारी असता तर या तिन्ही माद्यांनी अशी पिल्ले वाढवली नसती. माणसाची साक्ष फिरते, हे अर्जदाराने दि. २ रोजी पाहिले. उंदरिणींची साक्ष नोंदवहीत आहे.

१०. दुसरा पुरावा चित्रफितीतील हात. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दातांची अर्धगोल खूण आहे. ती पंपरूममधील धामणीची आहे. सभेनंतर घरी आल्यावर वैजयंताने ती चित्रफीत पहिल्यांदा, दोन सेकंदच पाहिली व फोन पालथा ठेवला. "हा हात मी धरलेला आहे," एवढेच ती म्हणाली. त्यानंतर ती दोन दिवस जेवली नाही. राहता राहिली घुबडे. ती पाहायला येतो असे अर्जदाराने एकदा म्हटले असता, माणसे पाहून ती बिथरतात असे सांगून नीरजने फोनवर एक छायाचित्र पाठवले होते. पंखाला पट्टी बांधलेले घुबड, मागे पांढरे. ते पांढरे म्हणजे दवाखान्याची भिंत, असे समजून अर्जदाराने त्याची रंगीत प्रत काढून पिंजऱ्यांच्या वर लावली होती. गेल्या आठवड्यात संघप्रिया आली, तिने ते मोठे करून दाखवले. ते बर्फ निघाले. चौक गावात बर्फ पडत नाही, हे अर्जदारास पूर्वीही ठाऊक होते, पण ते घुबड इतके बिचारे दिसत होते की मागे पाहावे असे वाटलेच नाही. संघप्रियाने चौकला जाऊन चौकशीही केली. खोपीजवळ जाळे शिवत बसलेले लवू नावाचे म्हातारबाबा म्हणाले, "घुबडांची खोली? हितं न्हाय बाय. असती तर आमाला दिसली नसती काय."

११. आपली नोटीस मिळाली तेव्हा अर्जदाराकडे अडतीस उंदीर होते. त्याच दिवशी त्याने नर व माद्या वेगळ्या केल्या, परंतु एक मादी आधीच गाभण होती. दि. ९ रोजी पहाटे ती व्याली. आज एकोणपन्नास आहेत. सोसायटीने ते तीन दिवसांत हटवावे असे पत्र दिले असून, हटवावे म्हणजे नेमके काय करावे असे विचारता सचिवांनी चिकट पुठ्ठ्याचे नाव सुचवले. पाळीव प्राण्यांच्या एका दुकानदाराने सर्व उंदीर घेण्याची आनंदाने तयारी दाखवली. ते कोण विकत नेते असे अर्जदाराने आयुष्यात पहिल्यांदाच विचारले, आणि उत्तर ऐकून तो परत आला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतील बाईंनी फोनवर अतिशय मायेने सर्व ऐकून घेतले. शेवटी, मांजर असते तर लगेच गाडी पाठवली असती, असे त्या म्हणाल्या. खाडीकाठी सोडावे तर पिंजऱ्यात जन्मलेला पांढरा उंदीर घारीला आमंत्रणच, संध्याकाळही पाहणार नाही. मारणे या घरात शक्य नाही. ठेवणे या सोसायटीत शक्य नाही. आपण फक्त वाढवतो असे म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. उद्या माघ पौर्णिमा आहे. वैजयंता सांगते की, गॅलरीचा निकाल लागेपर्यंत ती विहारात जाईल पण पहिले शील मोठ्याने म्हणणार नाही, नुसती हात जोडून बसेल. तिचे हे बसणे अर्जदारास आपल्या नोटिशीपेक्षा जड जात आहे.

१२. सबब विनंती की, अर्जदाराविरुद्धची नोटीस मागे घ्यावी. चित्रफितीतील हाताची व नीरज पाटकर यांच्या हाताची तुलना करावी. त्यासाठी खरा हात मागवावा, कारण छायाचित्र कोणीही कुठलेही देऊ शकतो. साप साप म्हणून भुई धोपटतात असे आपण म्हणतो. येथे साप आपल्या कार्यालयात सुरक्षित असून धोपटली जाणारी भुई अर्जदार आहे, याची नोंद व्हावी. डबा जप्त असल्यास तो परत नको, पण झाकणावरील मुलीचे नाव कागदपत्रांत कोठेही येऊ नये, ही बाप म्हणून विनंती. एकोणपन्नास उंदीर आपण ताब्यात घेऊन जेथे त्यांचे बरे होईल अशा ठिकाणी पाठवावेत. असे ठिकाण आपणांस ठाऊक नसल्यास तेही लेखी कळवावे, म्हणजे ते फक्त अर्जदारासच ठाऊक नव्हते असे होणार नाही. सोबत नोंदवहीची प्रत, कानांच्या खाचांचा तक्ता, घुबडाचे छायाचित्र व सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडली आहे.

१३. शेवटची विनंती वेगळी आहे आणि तीच अर्जदारास खरी मागायची आहे. अंगठ्याची खूण नीट पाहावी म्हणून अर्जदाराने ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. पहिल्या काही वेळा त्याने फक्त अंगठाच पाहिला. नंतर त्याला उंदीर दिसला. झाकण उघडल्यावर उंदीर पळत नाही, कोपऱ्यात दडत नाही. तो मागच्या पायांवर उभा राहतो, वास घेतो आणि समोर आलेल्या हातावर आपणहून चढतो. पेटीवर हात नेईपर्यंत तो तळव्यात स्वस्थ बसलेला आहे, चणा शोधतो आहे. झाकण उघडले की हात येतो आणि हातावर चढले की चणा मिळतो, हे त्याला नीरजने शिकवलेले नाही. डोळे उघडल्याच्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते अर्जदाराने शिकवले आहे. डब्यात भरताना त्रास होऊ नये म्हणून शिकवले, आणि दर रविवारी त्याच हाताने डब्यात भरले. नीरजविरुद्ध जे काही वर लिहिले आहे ते खरे आहे व अर्जदार त्यावर ठाम आहे. परंतु हे लिहिल्याशिवाय खुलासा पुरा होत नाही. तरी उंदीर ताब्यात घेण्याच्या दिवशी आपला एखादा कर्मचारी पाठवावा, शक्यतो हातमोजे घालणारा. उंदीर बावरतील, पळतील, एखादा चावेलही. चालेल. पिंजऱ्यात हात घालण्यास अर्जदारास मात्र सांगू नये. त्याचा हात आत गेला की ते पुन्हा त्यावर चढतील.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा,

(सही)
वाल्मिक तुकाराम हिवराळे
अर्जदार

ठिकाण : गोडदेव, भाईंदर (पूर्व)
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५